अख्खा दाणा

बाईंनी टेबलावर ठेवलेला पिंजरा इतका लख्ख होता की माझ्या पोटात गोळाच आला.

"तुमच्याकडे आणायचा म्हणून सकाळीच घासून काढला," बाई म्हणाल्या. तळाचा कागद बदललेला, दांड्या पुसलेल्या, पाण्याची वाटी चकचकीत. आजारी पक्ष्याच्या पिंजऱ्यातला दोन दिवसांचा घाण कागद म्हणजे माझ्यासाठी अर्धी केस असते आणि तो बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात गेला होता. त्यांना काय बोलणार? चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, दवाखान्यात जाताना स्वच्छ जायचं एवढंच त्यांना ठाऊक.

सांगलीत माझा दवाखाना आहे. येणारे जास्त करून कुत्री-मांजरं, बाहेरगावच्या म्हशी आणि आठवड्याला चार-पाच पक्षी. चिकू हा राखाडी कॉकटेल, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट (खरं नाव कॉकटील), गालांवर नारिंगी ठिपके, वय सहा वर्षं. पंख फुलवून, डोळे अर्धे मिटून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. कॉकटेल दांडी सोडून तळाला बसला की तो फार दिवस आजारी आहे असं समजायचं. पक्षी आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, तीच सवय पिंजऱ्यातही सुटत नाही.

"खातो का?" मी विचारलं.

"दिवसभर! वाटीवरून हलत नाही. म्हणून तर कळेना, एवढं खाऊन हा वाळत का चाललाय."

सोनाराकडे असतो तसा एका ग्रॅमचा काटा मी ठेवलाय. टॉवेलात गुंडाळून चिकूला त्यावर ठेवलं. अडुसष्ट ग्रॅम. धडधाकट कॉकटेल नव्वदीच्या आसपास भरतो. छातीवरून बोट फिरवलं तर उराचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं, दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. दिवसभर खाणारा पक्षी उपाशी मरत होता.

नातू अकरा-बारा वर्षांचा, तो म्हणाला, "डॉक्टरकाका, इंजेक्शन द्या ना पटकन."

इंजेक्शन दिलं नाही. एवढ्या खंगलेल्या पक्ष्याला नुसतं जास्त वेळ धरून ठेवलं तरी तो हातात जाऊ शकतो. पक्ष्याच्या अंगाचं तापमान मुळात एक्केचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असतं. ते टिकवण्यातच त्याची उरलीसुरली ताकद जात होती. त्याला उबेच्या पेटीत ठेवलं, आत तीस अंश, तळाला कोरा पांढरा कागद. आणि त्या कागदावर शीट पडायची वाट बघत बसलो. बाहेर पावसाची रिपरिप, दोन कुत्रेवाले ताटकळलेले.

तेवढ्या वेळात विचारपूस केली. पातळ शीट तीन आठवड्यांपासून. पक्ष्यांच्या दुकानातून पिवळी पावडर आणलेली, पाण्यात पाच दिवस घालायची अँटिबायोटिक. त्याने थांबलं नाही म्हणून आणखी पाच दिवस. वर ताकद यावी म्हणून दुधात भिजवलेली चपाती. पक्ष्याला दूध पचत नाही, दुधातली साखर फोडणारं विकर त्याच्याकडे नसतंच. आणि कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला, पाणी बेताचंच पितो. वाटीतल्या पाण्यातून औषधाचा किती भाग पोटात गेला ते कोण सांगणार? जेवढं गेलं तेवढ्याने आतड्यातले गुणाचे जिवाणू मात्र मारले असणार.

मधेच बाई खोकल्या. मी विचारलं, किती दिवस? "आठ-दहा दिवस झाले, पावसाळी आहे." मी लगेच मास्क लावला, दोघांनाही लावायला दिले. पोपटवर्गातल्या पक्ष्यांमध्ये सिटाकोसिस नावाचा जिवाणूचा आजार असतो, तो सुकलेल्या शिटीच्या धुळीतून माणसाला होतो, फुप्फुसं धरतो. चिकूच्या घशाचा आणि मागच्या भागाचा स्वॅब पीसीआरसाठी पाठवायचं ठरवलं. बाईंना बजावलं, तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगा की घरात आजारी पक्षी आहे. ही गोष्ट पेशंट सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

पाऊण तासाने कागदावर शीट पडली.

धडधाकट पक्ष्याच्या शिटीत तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात: हिरवी-तपकिरी घट्ट विष्ठा, पांढरं युरेट, म्हणजे लघवीचा घट्ट भाग, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. इथे तिन्ही एकमेकांत कालवलेलं, आणि मधोमध राळ्याचा दाणा. अख्खा. टरफल नीट सोललेलं, पण दाण्याला कुठे ओरखडासुद्धा नाही. चिमट्याने बाजूला केला तर खाली आणखी दोन.

बाई वाकून बघत होत्या. "म्हणजे हा खातोय ते तसंच बाहेर पडतंय?"

"हो बाई. चोच चालतेय, जठर चालत नाहीये."

पक्ष्याला दात नाहीत. आधी पाचक रसाचं जठर, मग दळणारा पेटा, कोंबडीचा आपण खातो तोच. या दोघांचं काम बिघडलं की दाणा जसा आत जातो तसा बाहेर येतो. कारणं मात्र अनेक. जस्त किंवा शिसं पोटात गेलं असेल, जठराच्या नसा बिघडवणारा बोर्नाव्हायरस असेल, बुरशी असेल. जरा ऊब धरल्यावर एक एक्स-रे काढला. धातूचा कण कुठेच चमकला नाही, जठर थोडं फुगलेलं दिसलं. त्यावरून काही ठरत नव्हतं.

मग सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर सलाईनचा थेंब, त्यात टाचणीच्या टोकाएवढी शीट, वर आच्छादनाची काच. चारशेपट, उजेड मुद्दाम मंद केलेला. भगभगीत उजेडात ज्या गोष्टी विरून जातात त्या अशा वेळी कडेने उमटतात. पहिल्या क्षेत्रात पिठूळ कचरा. दुसऱ्यातही. काच सरकवली आणि तिथे त्या होत्या. सरळ, ताठ, दोन्ही टोकं गोलसर, पारदर्शक काड्या. शेजारी वळवळणाऱ्या जिवाणूंच्या कितीतरी पट लांब आणि स्वतः अगदी निश्चल. एका क्षेत्रात मी तीस मोजल्या आणि सोडून दिलं.

नातवाला स्टुलावर चढवून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कोणीतरी उदबत्त्यांचा पुडा सांडलाय."

याला पूर्वी मेगाबॅक्टेरिया म्हणत, राक्षसी जिवाणू. आकार काडीसारखा म्हणून सगळे जिवाणूच समजत होते. ही यीस्टच्या जातीची बुरशी आहे हे पक्कं होऊन 2003 साली तिला मॅक्रोरॅब्डस ऑर्निथोगॅस्टर हे नाव मिळालं. जठर आणि पेटा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती ठाण मांडते. जिवाणूंवरची औषधं तिला शिवतही नाहीत. पिवळ्या पावडरीचे दहा दिवस चिकूचे ग्रॅम उतरत होते आणि घरच्यांना वाटत होतं, उपचार चालू आहेत.

हे मी दुकानदाराला दोष द्यायला लिहीत नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा एका बजरीला, म्हणजे छोट्या रंगीत पोपटाला, अशाच अख्ख्या दाण्यांवर, शीट काचेखाली न बघता अँटिबायोटिक दिली होती. नवव्या दिवशी त्या घरच्या मुलीने तो पक्षी रुमालात गुंडाळून आणला. तो रुमाल अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर एकाही पक्ष्याला काचपट्टी केल्याशिवाय पोटाचं औषध लिहिलेलं नाही.

औषध अँफोटेरिसिन बी. नाव ऐकताच बाई चपापल्या. 2021 साली, कोविडनंतरच्या काळ्या बुरशीत, याच इंजेक्शनसाठी लोक गावोगाव वणवण करत होते. "एवढं जहाल औषध एवढ्याशा जिवाला?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. शिरेतून दिलं तर ते मूत्रपिंडांना जड जातं. पण तोंडाने दिलं की आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, जठराच्या आतल्या अंगालाच काम करतं, आणि बुरशी नेमकी तिथेच असते. दिवसातून दोनदा, तीस दिवस. मात्रा मुद्दाम लिहीत नाही, ती त्या त्या पक्ष्याच्या ग्रॅमवर ठरते.

पहिली मात्रा मी दिली. टोकाला गोळी असलेली वाकडी स्टीलची नळी, चोचीच्या डाव्या बाजूने आत घालून उजवीकडे उतरवायची. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, तिथे चूक चालत नाही. मानेवरून बोटाने नळी क्रॉपमध्ये, म्हणजे अन्नाच्या थैलीत, चाचपली आणि मगच दट्ट्या दाबला. मागोमाग कोमट पातळ खाद्य. चिकूने मान झटकली आणि पहिल्यांदा तुरा उभा केला.

जाताना नातू हळूच म्हणाला, "आमच्या लव्हबर्डना पण होईल का?" घरात आणखी पक्षी आहेत हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी जोडी आणली होती, पिंजरा चिकूच्या शेजारीच टांगलेला. लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या बजरी होत्या, आणि बजरींमध्ये ही बुरशी पुष्कळ आढळते, पुष्कळदा वरून काहीच न दिसता. संध्याकाळी तो त्यांचा कागद घेऊन आला, या वेळी न बदललेला. टुणटुणीत मादीच्या शिटीत त्याच काड्या. नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, हे विकताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

सिटाकोसिसचा अहवाल आठ दिवसांनी निगेटिव्ह आला. बाईंचा खोकला साधाच निघाला.

पहिले पाच दिवस वजन अडुसष्ट-एकोणसत्तरवर अडून राहिलं. सहाव्या दिवशी बाईंचा फोन, "डॉक्टर, एकाहत्तर!" आवाज थरथरत होता. तिसाव्या दिवशी चौऱ्याऐंशी. तीन वेळा शीट तपासली, काड्या दिसल्या नाहीत. तरी बाईंना सांगून ठेवलंय, ही बुरशी काही पक्ष्यांत दबून राहते आणि ताण पडला की उलटते.

परवा त्या कालनिर्णयचं पान घेऊन आल्या. एका कोपऱ्यात दुधाचा हिशोब, दुसऱ्यात चिकूचं वजन, दर रविवारचं. शेवटच्या चौकटीत लाल शाईने 89.