प्लॅटिनम मानांकन नेमके कशाचे?

२००३ साली हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला ‘लीड’ या अमेरिकी हरित इमारत मानांकन पद्धतीचे प्लॅटिनम, म्हणजे सर्वोच्च, मानांकन मिळाले आणि हरित इमारतींच्या प्रमाणनाची भारतात खरी चर्चा सुरू झाली. पुढे ‘टेरी’ या ऊर्जा व संसाधनविषयक संशोधन संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासह विकसित केलेली, आपल्या हवामानाचा विचार करणारी ‘गृह’ ही पद्धत आली.

या पद्धतींत ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, जागेची निवड अशा निकषांवर गुण मिळतात आणि बेरजेवरून श्रेणी ठरते. त्यामुळे एका बाबतीत सामान्य असलेली इमारतही दुसऱ्या बाबतीतील गुणांवर वरची श्रेणी गाठू शकते. म्हणूनच घर घेताना, मला वाटते, श्रेणीपेक्षा गुणपत्रिका मागावी. जाहिरातीतले प्रमाणपत्र पुष्कळदा केवळ आराखड्यांवर आधारलेले पूर्वप्रमाणपत्र असते; अंतिम प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष बांधकामाचे पुरावे द्यावे लागतात. (विक्रीच्या कार्यालयात हा भेद क्वचितच कुणी आपणहून सांगते.) शिवाय महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा इमारतींना वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळत असल्याने विकासकाचा हेतू निव्वळ पर्यावरणाचा असतोच असे नाही. अर्थात, प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेसारख्या सोयी पुढे चालू ठेवणे सोसायटीच्याच हाती असते.