दोन रेषांमधली फट

ओढ्यावरचा पूल पडद्यावर स्वच्छ दिसत असताना मार्ग आखून देणारे संकेतस्थळ आज सकाळी आमच्या सायकलींना मुख्य रस्त्याने लांबचा वळसा घ्यायला सांगत होते.

नकाशा मोठा करून पाहिला, तेव्हा गावाकडून येणारा कच्चा रस्ता आणि पूल यांच्या रेषा एकमेकींना टेकल्यासारख्या दिसत असल्या, तरी त्यांना सामाईक बिंदू नव्हता. हे संकेतस्थळ ज्यावरून मार्ग आखते त्या, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात रस्ता म्हणजे बिंदूंची माळ असते, आणि दोन रस्त्यांत एखादा बिंदू समान असेल तरच मार्ग शोधणारी प्रणाली ते जोडलेले मानते. डोळ्यांना दिसणारी जवळीक तिच्या हिशेबी नसते.

मी तो बिंदू जोडला. "नकाशा सुधारला, मग मार्ग का बदलत नाही?" असे सोबतच्या मित्राने विचारले. अशी संकेतस्थळे मूळ माहितीची प्रत काही काळाने घेतात आणि तिच्यावरून आपले जाळे नव्याने बांधतात, हे उत्तर त्याला पटले नाही; त्याची चिडचिड मला रास्तच वाटली.

शहरात अशी फट कोणाच्या तरी लवकर लक्षात येते. जिथे नकाशा भरणारे स्वयंसेवकच मोजके आहेत, तिथले जोड कोण तपासत असेल?