अण्णा आरती म्हणतात, मग बोलत का नाहीत?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत, पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांकडून बोलण्याचा सराव करून घ्यायला मी जाते. हा प्रश्न मला बहुतेक घरांत विचारतात. "गणपतीत अण्णांनी अख्खी आरती म्हटली हो! मग पाणी हवंय एवढं सांगता येत नाही? मुद्दाम करतात का?"

नाही, मुद्दाम नाही करत. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण मनात ही शंका ठेवून माणसाची सेवा करणं फार जड जातं.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या सर्जनकडे एक रुग्ण आला. त्याच्या तोंडून 'तां' एवढंच निघे, समजायचं मात्र बरंच. तो वारल्यावर मेंदू तपासला, तेव्हा इजा डाव्या कपाळामागच्या भागात, फ्रॉन्टल लोबमध्ये सापडली. त्या जागेला लागूनच चेहरा आणि उजवा हात हलवणारा पट्टा आहे. दोन्हींना रक्त एकाच मोठ्या धमनीतून मिळतं. ती तुंबली की वाचा आणि उजवा हात बरोबरच जातात, अण्णांचे गेले तसे.

आता 'पाणी हवंय' बघा. हे वाक्य दरवेळी नव्याने घडवावं लागतं. शब्द शोधायचा, जुळवायचा, मग ओठ, जीभ, स्वरयंत्र यांना क्रमाने हलवायचं. आरतीत शोधायचं काहीच नसतं, एक ओळ पुढची ओळ ओढून आणते. अशा मुरलेल्या बोलण्यात मेंदूचा उजवा अर्धा आणि खोलवरचे बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके बराच भार उचलतात, असं आज मानलं जातं. म्हणून वारांची नावं येतात, पाढे येतात, 'अरे देवा' येतं. शिवीसुद्धा येते. जन्मात अपशब्द न काढलेल्या माणसाकडून ती ऐकली की घरचे हादरतात. मनाला लावून घेऊ नका.

ही गोष्ट ब्रोकाच्याही आधीपासून ठाऊक आहे. १७४५ मध्ये स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी अशा एका माणसाची हकिकत लिहून ठेवली, ज्याला 'हो' सोडून बोलता येत नसे, पण आजाराआधी पाठ असलेली भजनं तो स्पष्ट म्हणायचा.

आपलं गाव ख्यालगायकीचं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, रोज गाऊन घेतलं की वाचा परत येईल. आरती जरूर म्हणू द्या, त्यांना त्यात आनंद आहे. पण शंभरदा म्हटली तरी तिच्यातून 'पाणी' सुटं होऊन येत नाही. १९७३ मध्ये बॉस्टनच्या तज्ज्ञांनी सुरांची एक पद्धत मांडली, ती वेगळी आहे. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ठोका धरायचा आणि जमू लागलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा. मी 'पाणी दे', 'चहा नको' इथून सुरुवात करते. महिने लागतात, आणि सगळ्यांना सारखा फायदा होत नाही.

तोवर 'चहा हवा?' असं एकेकच विचारा. शब्द अडला तर लगेच पुरवू नका, थांबा. ओरडून बोलू नका, कान ठीक आहेत त्यांचे. आणि सराव हिंदीत की मराठीत, असंही विचारता ना? ऑफिसात जन्मभर हिंदी बोलले असतील, पण आजवर घरात पाणी ज्या भाषेत मागितलं, त्याच भाषेत.