रथसप्तमी ते ज्येष्ठ: घरच्या आसनांचे सोळा आठवडे

आज सकाळी पट्टी लावली तर 6 सेंटिमीटर आले. रथसप्तमीला सुरुवात केली तेव्हा उत्तानासनात, म्हणजे उभं राहून पुढे वाकताना, माझी बोटं जमिनीपासून 22 सेंटिमीटरवर अडकली होती. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दर रविवारी हे अंतर मोजते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. इतकी साधी नोंद, पण कंटाळा आलेल्या कितीतरी सकाळी तिनेच मला उठवलं.

रथसप्तमी निवडली कारण आमच्याकडे सूर्यनमस्कारांना मान आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार रुजवले, त्या गोष्टी सासरे नेहमी सांगायचे. सासरे स्वतःही म्हातारपणापर्यंत रोज नमस्कार घालत. म्हणून मीही पहिल्याच दिवसापासून 12 घातले. घाई झाली. हात टेकलेच पाहिजेत या हट्टापायी पाठीला पोक काढून वाकत होते, आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या मांडीच्या मागे, अगदी बसायच्या हाडापाशी, दुखायला लागलं. स्कूटरवर बसलं की तिथेच टोचायचं. दहा दिवस पुढे वाकणं पूर्ण बंद ठेवलं.

त्या दहा दिवसांत माझा सराव खरा सुरू झाला असं मी मानते. आपण कंबरेतून वाकतो. वाकायचं असतं खुब्यातून. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ते बसायच्या हाडाला खाली ओढून धरतात, ओटीपोट पुढे कलत नाही, मग सगळा वाक मणक्यावर येतो. आता रविवारचं माप सोडलं तर उत्तानासनात हात जमिनीकडे नेतच नाही. समोर स्वयंपाकघरातली लोखंडी घडीची खुर्ची, तिच्यावर घडी केलेली सोलापुरी चादर आणि चादरीवर कपाळ. गुडघे किंचित सैल. पाठ लांब राहिली की दोन मिनिटांत मांड्या आपणहून सोडायला लागतात. दंडासनात, म्हणजे पाय समोर सरळ ठेवून, बसतानाही खाली चादरीची चार बोटं जाड घडी घेते, म्हणजे कंबर मागे ढासळत नाही.

ही खुर्ची आणि चादर पुण्यातच सुचावी यात नवल नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे 1975 मध्ये मॉडेल कॉलनीजवळ त्यांची संस्था उभी राहिली. खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आखडलेल्या, आजारी, वयस्क माणसालाही आसनाच्या आत नेता येतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. मला वाटतं पुणेकराने तरी आधार घ्यायला संकोचू नये. माझा पट्टा म्हणजे बोहरी आळीतून आणलेली दोन मीटर नवार. बॉल्स्टर, म्हणजे आधाराची जाड उशी, म्हणून बैठकीतला लोड. आणि ठोकळ्याच्या जागी सोसायटीच्या दुरुस्तीतून उरलेली एक वीट, जुन्या सुती साडीत घट्ट गुंडाळलेली. वीट फार सोयीची: उभी ठेवली की 9 इंच, कडेवर साधारण 4, आडवी 3. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अगं, विठोबा उभा आहे तिच्यावर. हात ठेव, पाय लावू नकोस." तेव्हापासून ती सराव झाला की कोनाड्यात जाते.

त्रिकोणासनासाठी, म्हणजे पाय फाकवून उभं राहून बाजूला वाकत एक हात खाली विटेवर टेकण्यासाठी, मी मॅट घेतच नाही. आमच्या जुन्या घरात दोन फुटी शहाबादी फरशी आहे. उघड्या पायाला ती छान धरते आणि तिचे सांधे म्हणजे आयती आखणी. पावणेदोन फरश्या अंतर, म्हणजे साडेतीन फूट. पुढच्या पायाची टाच सांध्यावर, मागच्या पावलाची कमान त्याच सांध्यावर. एवढं बिनचूक जमलं तरी काहीतरी चुकतंय असं महिनाभर वाटत होतं, पण काय ते कळेना. घरी एकट्याने करण्यातली ही मोठी अडचण: आपलं शरीर आपल्याला दिसत नाही.

ते दिसलं सासूबाईंना. त्या खाटेवर बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "हाताकडे काय बघतेस? तुझा मागचा पाय झोपलाय." खरंच, सगळं वजन पुढच्या पायावर टाकून मागचा नुसता ठेवला होता. मागच्या टाचेची बाहेरची कड फरशीवर दाबली आणि मांडी वर ओढली, तर छाती आपोआप छताकडे उघडली. वाक्य छोटं, पण मला महिन्याभराचं कोडं सुटलं. "आई, रोज बघाल का?" विचारलं. आता पावणेसहाला चहा होण्याआधी त्या हजर असतात.

सध्याचा क्रम: अधोमुख श्वानासन (टाचा भिंतीला), त्रिकोणासन, वीरभद्रासन दुसरं, उत्तानासन, पडून नवारीने सुप्त पादांगुष्ठासन (नवारीत पाऊल अडकवून पाय वर ताणणं), विपरीत करणी (पडून पाय भिंतीला वर टेकवणं) आणि दहा मिनिटं शवासन. एकूण पन्नास मिनिटं. शवासन घाईत गुंडाळलं त्या दिवशी दुपारी डोकं जड होतं, म्हणून तिथे काटछाट नाही. नमस्कार परत सुरू केलेत, पण चारच, सावकाश. शीर्षासन मात्र समोर शिकवणारं कोणी असल्याशिवाय करणार नाही. मानेचा मामला आहे, आणि सासूबाईंच्या नजरेवरही तो सोपवणार नाही.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात ही फरशी ओलसर आणि थंड पडते, मग पाय सरकतात. पातळ सुती सतरंजी घालून पाहिली, ती पायाखालून निसटते. तुमच्यापैकी कोणाकडे शहाबादी असेल तर काय करता ते जरूर सांगा. परवापासून त्रिकोणासनात वीट उभी न ठेवता कडेवर ठेवते आहे. उजवीकडे जमतंय. डावीकडे अजून उभीच.