पगाराची स्लिप नाही, तरी थायलंडचा व्हिसा

आमच्या दापोली तालुक्याला परदेश नवा नाही. एकेका वाडीत कोणी शिपवर, कोणी दुबईला, कोणी कतारला, हे पिढ्यांचं चालत आलंय. पण ही सगळी माणसं कोणीतरी बोलावलं म्हणून जातात. कंपनी व्हिसा काढते, तिकीट देते, पगार देते. मी २०२५ची तुळशीची लग्नं आटोपून थायलंडला राहायला निघाले, तेव्हा जो तो विचारायचा, "कंपनी कुठची गो?" कंपनी नाही म्हटलं की, "मग फिरायला?" नुसतं फिरायलाही नाही, तिथे राहून काम करणार आणि पैसे इथल्या खात्यात येणार, एवढं सांगेपर्यंत समोरचा आंब्याच्या मोहोराकडे वळलेला असायचा.

काम काय, ते आधी सांगते. मी आर्किटेक्ट. पुण्यातली नोकरी सोडून २०२०मध्ये आंजर्ल्याजवळच्या गावी आले, आणि त्याच जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळाने माडपोफळी आडव्या केल्या. कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हा घरून काम वगैरे बोलणंही हास्यास्पद होतं. पुढे लाईट आली, फायबर आलं, इन्व्हर्टर घेतला. पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने मेलबर्नच्या एका छोट्या इंटिरिअरवाल्याची ड्रॉइंग मिळाली. किचनची कपाटं, बाथरूमची व्हॅनिटी, जिन्याखालचे ड्रॉवर, सगळं मिलिमीटरमध्ये. बिजागरी कुठे बसणार, दार उघडल्यावर फ्रीजच्या हँडलला लागणार का, असल्या गोष्टींत माझा दिवस जातो. एकाचे तीन गिऱ्हाईक झाले आणि तेवढ्यावर माझं चालतं.

परदेशात राहून कमवायचे म्हणून जे मार्ग लोक सांगतात, त्यातले बरेच मला पटत नाहीत. प्रवासाचे व्हिडिओ टाकून पोट भरणारे फार थोडे. होस्टेलवर राहण्याजेवणाच्या बदल्यात चार तास काम, हे ऐकायला गोड, पण थायलंडमध्ये बिनपगारी मदतही कामच धरली जाते आणि त्याला वर्क परमिट लागतं. आधी जायचं आणि मग काम शोधायचं, याच्या तर मी विरोधात आहे. काम इथे असताना जमलेलं हवं. माणूस हलला तरी ते हलत नाही, एवढी खात्री झाल्यावर मग बॅग भरायची.

खरी कसरत त्यानंतरची. पैसा येत असतो, पण तो आपला आहे, कष्टाचा आहे आणि पुढेही येणार आहे, हे तिऱ्हाइताला कागदावर पटवावं लागतं. नोकरदार स्लिप आणि रजेचं पत्र पुढे करतो. आपल्याकडे दोन्ही नसतं.

पहिली अडचण बँकेत आली. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेला बँक एक पर्पज कोड लावते, म्हणजे हा पैसा कशाबद्दल आला याचा आकडा. व्हिसासाठी जुनी रेमिटन्सची कागदपत्रं काढली, तर त्यातल्या काहींवर पी १३०१ होता. तो कोड परदेशातल्या भारतीयाने घरखर्चाला आणि बचतीला पाठवलेल्या पैशांचा. शाखेत गेले. काउंटरवरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे बाहेरचा पैसा म्हणजे तोच असतो. मिस्टर कुठे असतात तुमचे, गल्फला?" माझं लग्न झालेलं नाही, आणि पैसा मी मिलिमीटर मोजून कमावलेला. पण त्यांचं तरी काय चुकलं? या किनाऱ्याला सगळे मनीऑर्डरीवर जगणारा मुलूखच म्हणत आलेत. इन्व्हॉइस, गिऱ्हाइकाबरोबरचा करार आणि एक अर्ज, असं देऊन कोड बदलून घेतले. थोडे हेलपाटे पडले. आता प्रत्येक रकमेमागे इन्व्हॉइस आधीच मेल करते आणि बँकेचं रेमिटन्स अॅडव्हाइस महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवते.

देश निवडताना हौस बाजूला ठेवून उत्पन्नाच्या अटी वाचल्या. इंडोनेशियाच्या रिमोट वर्कर व्हिसाला वर्षाला ६०,००० अमेरिकी डॉलर कमाई लागते. मलेशियाच्या नोमॅड पासला (तोही लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठीच) आयटीवाल्यांसाठी २४,००० डॉलर पुरतात, बाकीच्यांना तिथेही ६०,०००. माझी कपाटं तिथवर पोचत नाहीत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४पासून आणि न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५पासून व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला त्याच्या मायदेशातलं काम लॅपटॉपवर करायला मोकळीक दिली आहे, पण ब्रिटनमध्ये मुख्य हेतू भेटीचाच हवा, आणि तिथला खर्च बघता मी तो विचार सोडला. थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, जुलै २०२४मध्ये सुरू झाला. पाच वर्षांची मुदत, कितीही वेळा ये-जा, एका खेपेला १८० दिवस. फी १०,००० बाथ. मासिक उत्पन्नाची रेघ नाही, पण खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. रुपयांत हा आकडा बारा लाखांच्या पुढे जातो. माझी पुण्यातल्या नोकरीपासूनची बचत आणि मोडलेली एफडी मिळून तो जमला.

जमला, पण त्यात एक मोठी रक्कम मध्येच उगवलेली दिसत होती. आजीने माझ्या नावावर केलेली हापूसची कलमं आम्ही कराराने देतो. करारवाल्याने मोसमाचे पैसे एकदम भरले होते. व्हिसा देणाऱ्याच्या नजरेतून बघा: डॉलरची छोटी छोटी आवक, आणि मध्येच घसघशीत रक्कम. असे पैसे बहुतेकदा उसने आणून दाखवलेले असतात, आणि संशय आला की कागद मागतात. म्हणून मी मागायच्या आधीच जोडले: सातबारा, आंब्याचा करारनामा, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं नोटरी करून, वर अर्ध्या पानाचा खुलासा. दापोलीतल्या नोटरींनी सातबारा उलटसुलट बघितला. "थायलंडला जमीन घेताय की काय?" नाही म्हटलं, इथली आहे एवढंच दाखवायचंय.

बाकी फाईल सरळ होती. तिन्ही गिऱ्हाइकांची पत्रं (किती काळ काम करते, काम कुठूनही चालतं, मी त्यांची नोकर नाही), करार, कामाचे नमुने, इन्कम टॅक्स रिटर्न. रिटर्नमध्येही आंबा आडवा आलाच. आर्किटेक्टला इन्कम टॅक्स कायद्याच्या तेव्हाच्या ४४एडीए कलमाखाली निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते, जमाखर्चाच्या वह्या लिहाव्या लागत नाहीत. त्याला रिटर्नचा सोपा फॉर्म, आयटीआर-४, चालतो. पण शेतीचं उत्पन्न ५,०००च्या वर गेलं की तो चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. शेतीवर कर नाही, तरी बाकीच्या उत्पन्नाच्या कराचा दर ठरवताना ते हिशेबात येतं. चिपळूणच्या सीएबाई म्हणाल्या, "तुझ्या मेलबर्नने काही त्रास दिला नाही हो, तुझ्या कलमांनीच दिला."

अर्ज ऑनलाइन झाला. जानेवारी २०२५पासून थायलंडचा ई-व्हिसा आहे, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. खेडहून कोकणकन्येने रात्रभर उभ्याने जाणं ज्यांनी केलंय त्यांना हे सुख कळेल. अधूनमधून आणखी एखादा कागद मागितला, तो दिला, आणि व्हिसा मेलवर आला.

पण घरचा व्हिसा मिळायचा होता. बाबांनी बातमी वाचलेली. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं होतं. चांगल्या पगाराच्या नोकऱ्या म्हणून बँकॉकला नेलेली आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली माणसं ती. बाबा म्हणाले, "थायलंडात नोकरी हा शब्दच नको." मी म्हटलं, बाबा, म्हणूनच तर नोकरी नाही. कोणी एजंट नाही, तिकीट माझं, पासपोर्ट माझ्याच हातात, तिथलं कोणी मला पैसे देणार नाही, आणि या व्हिसावर तिथल्या कंपनीत काम करायला परवानगीच नाही. गिऱ्हाइकांची पत्रं त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली, मेलबर्न नकाशात कुठे ते विचारलं. आई एवढंच म्हणाली, "शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तू घरात हवीस."

चियांग मायला आठ हजार बाथ भाड्याची खोली घेतली. मला सर्वांत मोठा फायदा घड्याळाचा झाला. त्या मोसमात मेलबर्नचे सकाळचे नऊ म्हणजे दापोलीत पहाटेचे साडेतीन. चियांग मायला पाच. दीड तासाचाच फरक, पण दीड तासाने माणूस माणसात येतो. दुपारी एकला मेलबर्नचं ऑफिस बंद, की पुढचा सगळा दिवस आपला. खर्चाला मात्र हात आखडता. परदेशी कार्डाने एटीएममधून प्रत्येक वेळी पैसे काढताना तिथली बँक दोनशेच्या वर बाथ कापते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढायची. आपण राहायला आल्यावर घरमालकाने टीएम३०, म्हणजे परदेशी भाडेकरूची इमिग्रेशनकडची नोंद, भरली ना, ते विचारून घ्यायचं. नव्वद दिवस झाले की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. तिथल्या रांगेत मला इतके सुखी पेन्शनर भेटले, की सहनशक्ती वाढली.

दिवस मोजणं ही मात्र डोकेदुखी आहे, कारण दोन देशांची वर्षं जुळत नाहीत. करासाठी भारतात निवासी कोण, हे ठरवणारं आपलं १८२ दिवसांचं गणित एप्रिल ते मार्च. मी त्याहून जास्त दिवस घरी असते, म्हणून भारतात निवासी, आणि जगभरातलं उत्पन्न इथे दाखवते. थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथे वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले करनिवासी, आणि २०२४पासून तिथे आणलेल्या बाहेरच्या उत्पन्नावर कर लागू शकतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्यासाठी दोन्हीकडची कागदपत्रं जुळवत बसण्यापेक्षा मी दिवसच कमी ठेवते. त्यात मार्चमध्ये चियांग मायला शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका दाटतो की डोंगर दिसत नाही. म्हणजे शिमग्याला परतणं आईसाठीही बरं आणि फुप्फुसांसाठीही.

जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस वापरून झालेत. आता गणपती गेल्यावर लगेच निघायचं की दिवाळीपर्यंत थांबायचं, ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने मांडून ठेवलंय. आंब्याचा नवा करार केला, त्यात पैसे दोन हप्त्यांत आणि खात्यावरच, असं कलम घालून घेतलं. करारवाले दादा म्हणाले, "एवढं काटेकोर कशाला? घरचीच माणसं आपण." मी त्यांना चहा दिला आणि सहीची जागा दाखवली.