टायर घेताना आधी जुने टायर वाचा

नुकतेच गाडीला चार नवीन टायर टाकले आणि त्याआधीचे तीन आठवडे मी घरच्यांना, मित्रांना, ऑफिसातल्या लोकांना टायर या विषयावर इतकं बोललोय की शेवटी बायको म्हणाली एकदाचं सगळं लिहून टाक, म्हणजे कुणी विचारलं तर लिंक पाठवता येईल. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात पावसात झाली. स्पीड फार नव्हता, साठच्या आसपास असेल, मागे दोन्ही मुलं, पुढच्या गाडीनं ब्रेक मारला म्हणून मीही मारला आणि पायाखाली एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ती थरथर सुरू झाली, गाडी मात्र थांबायचं नावच घेईना. थांबली, पुढच्या गाडीच्या अगदी मागे जाऊन थांबली. मागून मुलगी म्हणाली, बाबा काय झालं? मला उत्तर सुचलं नाही. ब्रेक तर महिन्याभरापूर्वीच चेक केले होते, ब्रेकपॅड चांगले होते. घरी येऊन गाडीभोवती फिरलो तर टायरवर नक्षी दिसत होती, म्हणजे गोटा झालेला एकही नव्हता. पण "नक्षी दिसतेय" आणि "नक्षी पुरेशी आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा समजलं.

टायरच्या मोठ्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. रबर झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला, बऱ्याच देशांत कायद्यानं हीच शेवटची मर्यादा आहे. नवीन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझे पुढचे दोन अडीचवर आले होते. म्हणजे कायद्यानं चालतात, कोरड्या रस्त्यावर काही जाणवतही नाही, पण खाचांचं खरं काम पाणी बाजूला सारायचं आहे आणि ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की ते काम पटापट कमी होत जातं. पाणी बाजूला झालं नाही की टायर पाण्यावर चढतो, आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. मी आता ३ ला टायर बदलायचा हे पक्कं ठरवलंय. खाच मोजायचा छोटा गेज अगदी स्वस्तात मिळतो, तो घ्याच.

तर नवीन घ्यायचे ठरलं आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कुठल्या कंपनीचे घेणार? माझं मत असं झालंय की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी जुना टायर नीट वाचायचा. मी टॉर्च घेऊन गाडीशेजारी बसलो आणि साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची, धूळ ओल्या फडक्यानं पुसली. १८५/६५ आर १५ ८८ एच. यात १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार), १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं ८८ एच कुणी बघत नाही आणि माझी फसगत नेमकी तिथेच होणार होती.

एका दुकानात म्हणाले तुमच्या साइजचा आत्ता स्टॉक नाही, १८५/६० आर १५ घ्या, रिम तोच, रुंदी तीच, सगळे हाच टाकतात. मी फोनवर हिशोब केला. माझ्या टायरचा पूर्ण व्यास ६२१ मिलिमीटर, त्याचा ६०३. म्हणजे गाडी जवळजवळ ९ मिलिमीटर खाली बसणार आणि स्पीडोमीटर तीन टक्के जास्त दाखवणार. हे एक वेळ चाललं असतं, पण त्या टायरवर ८८ च्या जागी ८४ होतं. हा आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. ८८ म्हणजे ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. एका टायरमागे ६० किलो, चार टायरचे २४० किलो कमी! पाच माणसं, डिकी भरलेली, उन्हातला लांबचा प्रवास, म्हणजे घरची गाडी ज्या दिवशी खरी कामाला लागते त्याच दिवशी हा फरक अंगावर येणार. वजन पेलायची ताकद कमी पडली की टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. मी नको म्हणून निघून आलो. ते अजिबात वाईट वागले नाहीत, पण हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं असं मला अजूनही मनापासून वाटतं.

एच हे अक्षर स्पीडचं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०. आपण कुठे २१० नं जाणार असं सगळेच म्हणतात, मीही म्हणालो होतो, पण स्पीड वाढला की टायर तापतो आणि हे अक्षर ती उष्णता सोसायच्या ताकदीबद्दलही सांगतं, म्हणून कंपनीनं दिलंय त्याच्या खाली उतरू नका. वर गेलात तर चालतं. गाडीला काय हवंय ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, आणि टायर आधी कुणी बदललेले असतील तर जुन्या टायरपेक्षा त्या स्टिकरवर विश्वास ठेवा.

आता तारीख. डीओटी अक्षरांनंतर जो लांबलचक कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे, माझ्या टायरवर ३११८, म्हणजे २०१८ सालचा ३१ वा आठवडा. गंमत म्हणजे पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि माझ्या दोन टायरवर ती बाजू आतल्या अंगाला होती, त्यामुळे चटई टाकून गाडीखाली डोकं घालून टॉर्चनं वाचावं लागलं. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं, कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर नीट तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी वापरू नये, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. दुकानात नवीन म्हणून जो टायर हातात येतो त्याचीही तारीख बघायची, चारही टायरची, फिट करायच्या आधी. सहा-आठ महिने जुना असेल तर मला काही वाटत नाही, दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला मात्र मी घेणार नाही.

जुने टायर कसे झिजलेत तेही बघाच. मधोमध जास्त झिजलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, एकाच बाजूनं खाल्लाय म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली. माझा पुढचा डावा आतल्या बाजूनं खाल्ला होता. अलाइनमेंट न करता नवीन टाकले असते तर ते पण तसेच गेले असते.

एवढं झाल्यावर मग कंपनी आणि मॉडेल. इथे प्रत्येक टायरमध्ये देवाणघेवाण असते, जास्त किलोमीटर चालणाऱ्या टायरचं रबर बहुतेक वेळा कडक असतं आणि ओल्यात पकड कमी पडू शकते, फार मऊ घेतला की पकड छान पण लवकर संपतो, इंधन कमी लागावं म्हणून बनवलेला वेगळाच. युरोपातल्या लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशी दिलेली असते, इंधन बचतीची वेगळी, आवाज डेसिबलमध्ये, तुमच्या मॉडेलचं ते लेबल ऑनलाइन सापडलं तर जरूर बघा. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याचा, आकडा असतो तो एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला ठीक, दोन कंपन्यांमध्ये त्यावर फार भरवसा ठेवू नका. मी ओल्यातल्या पकडीला पहिला नंबर दिला, आवाजाला दुसरा, आणि किलोमीटरला शेवटचा. टायर पाच-दहा हजार किलोमीटर लवकर संपला तर पैसे जातात, तेवढंच. पावसातला तो प्रसंग मला परत नकोय.

बजेट दोनचंच असेल तर नवीन दोन मागे टाकायचे, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) असली तरी. हे ऐकून लोक वाद घालतात कारण पुढचे जास्त झिजतात, स्टिअरिंग पुढे, मग नवीन पुढे नकोत का? पण ओल्या वळणावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की सावरता येते, मागचे घसरले की गाडी गोल फिरते आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्या साध्या ड्रायव्हरला काही करायला वेळच मिळत नाही.

फिटिंगच्या वेळी मी तिथेच उभा राहिलो. रबरचे व्हॉल्व्ह नवीन टाकून घेतले, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच आलीय ना ते चारही चाकांवर बघितलं. हवा मात्र दुकानात अंदाजे भरली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे मी परत सेट केली. साइडवॉलवर जो आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. नवीन टायरवर पहिले काहीशे किलोमीटर जरा सांभाळून चालवली, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

आणि स्टेपनी काढून बघा, आजच. माझी एकदाही जमिनीला लागलेली नव्हती, रबराचे ते बारीक केस पण अजून तसेच, पण तारीख तीच, ३११८, आणि आत हवा ३३ पीएसआय पाहिजे तिथे १६ निघाली. भेगा कुठे नाहीत म्हणून सध्या ठेवलीय, हवा भरलीय, आणि दर महिन्याला चार टायरची हवा बघतो तेव्हा तिचीही बघतोय.