गाडीच्या क्रोमवरचा रबरी थर आणि तो काढतानाचा मनस्ताप : माझा अनुभव

माझ्या गाडीच्या समोरच्या ग्रिलवर मारलेल्या प्लास्टी डिप या स्प्रे-रंगाचा काळा रबरी थर काढायला मी एका रविवारी सकाळी सात वाजता बसलो आणि दुपारी बारापर्यंत जेमतेम तळहाताएवढी जागा मोकळी झाली. नखाने खरवडले की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक काळ्या वळ्या निघत, त्या बोटांना चिकटत आणि क्रोमवर धुरकट पापुद्रा तसाच राही. हा रंग हवा तेव्हा सालीसारखा ओढून काढता येतो, असे मला दुकानात सांगितले होते. तो तसा निघतो हे खरे आहे, पुढे मी स्वतःच्या हाताने काढून पाहिला आहे. परंतु तो निघावा यासाठी आधी पुरेसा जाड चढवावा लागतो आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेऊनही नेमके तेवढेच केले गेले नव्हते. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी पांढरी, २०१६ सालची आहे. समोरचे ग्रिल, त्याच्या वरच्या बाजूचे कंपनीचे चिन्ह आणि डिकीवरची मॉडेलच्या नावाची अक्षरे क्रोमची आहेत. परभणीत आमच्या भागात गाडी धुवायला बोअरचे पाणी वापरतात आणि ते इतके क्षारयुक्त आहे की क्रोमवर सुकलेल्या थेंबांचे पांढरे डाग चिंच-व्हिनेगरनेही जाईनासे झाले होते. नवे ग्रिल बसवण्यापेक्षा आहे त्यावरच काळा मॅट रंग द्यावा, तोही पुढे मन बदलले तर काढता येईल असा, या विचाराने मी प्लास्टी डिप या स्प्रेकडे वळलो. पक्कड आणि पान्ह्यांच्या मुठींवर रबरी आवरण चढवण्यासाठी हा पदार्थ अमेरिकेत वापरात आला. पुढे स्प्रेच्या डब्यात मिळू लागल्यावर गाडीच्या चाकांवर, क्रोमच्या पट्ट्यांवर आणि चिन्हांवर तो मारण्याची पद्धत रूढ झाली. एका डब्यात ३११ ग्रॅम माल असतो. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा विचार मी केलाच नाही, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीशी विसंगत बदल परस्पर करता येत नाही. नंबर प्लेट, दिवे आणि इंडिकेटर यांच्यावर तर एक थेंबही उडता कामा नये.

मे महिन्यात मी गाडी एका अॅक्सेसरीजच्या दुकानात दिली. “सर, उद्या संध्याकाळी घेऊन जा,” हे वाक्य मी तिथे तीन वेळा ऐकले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता गेलो, तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला रणरणत्या उन्हात उभी होती आणि मुलगा दोन फुटांवरून फवारा मारत होता. पारा ४२ अंशांवर, बोनेट हात लावू देत नव्हते आणि बाजूने ट्रक धूळ उडवत जात होते. अशा उन्हात आणि इतक्या लांबून मारलेला थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो आणि मग थर एकसंध बसत नाही, वाळूसारखी खरखर साठत जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बाकड्यावर एकच डबा होता आणि त्याच दिवशी आणखी दोन गाड्यांचे काम झाले होते. एका डब्यात तीन गाड्या केल्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला किती हात आले असतील, हा हिशेब मी तिथेच करायला हवा होता. निदान चार-पाच हात लागतात, माझ्या गाडीला दोन मिळाले.

पहिल्या पावसातच ग्रिलच्या कडा उलल्या. काळ्या मातीचा चिखल त्या फटींत बसला आणि महिनाभरात समोरून गाडी खरूज झाल्यासारखी दिसू लागली. मी पुन्हा दुकानात गेलो. “सर, वॉशिंग सेंटरवर पाण्याचा प्रेशर मारून घ्या, निघून जाईल,” असे सांगून त्यांनी माझी बोळवण केली. प्रेशरने जिथे थर जरा जाड होता तिथला निघाला आणि जिथे पातळ होता तिथला आणखी घट्ट बसल्यासारखा वाटू लागला, म्हणजे पूर्वी निदान सगळे सारखे खराब होते, आता ठिपके ठिपके झाले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकांनी “आम्ही लावून देतो, काढून देत नाही,” असे स्वच्छ सांगितले. जो रंग काढता येतो म्हणून विकला, तो काढून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची नाही, हे मला आजही पटलेले नाही.

त्यानंतर घरचे प्रयोग सुरू झाले. पेट्रोलने हा रबर विरघळतो, असे कुणी तरी सांगितले आणि ते खरेही आहे, पण तो निघत नाही, त्याचा चिकट काळा लगदा होतो. मी फडके पेट्रोलमध्ये बुडवून चिन्हाच्या कडेने फिरवले, तर तो लगदा घरंगळत पांढऱ्या बंपरवर उतरला. सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, “अहो, ग्रिल राहू द्या, आता बंपर वाचवा.” तो पुसण्यात संध्याकाळ गेली आणि पेट्रोलच्या वासाने डोके रात्रभर दुखले. कुणीही हा उपाय करू नये. आग लागण्याची भीती आहेच, शिवाय गाडीच्या मूळ रंगावर पेट्रोल रेंगाळले तर तोही खराब होऊ शकतो.

सुटका झाली ती शेजारच्या काकांमुळे. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत आणि मला नखाने खरवडताना पाहून कुंपणापाशी आले. पापुद्रा दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “सर, पातळ साय कधी अखंड निघते का? आधी दूध आटू द्या.” म्हणजे काढायचे असेल तर आधी त्याच्यावर आणखी चढवा. माझा विश्वास बसेना. जे घालवण्यासाठी मी दोन महिने जीव टाकत होतो, तेच विकत आणून पुन्हा मारायचे! पण त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावले: नव्या थरातले द्रावक जुन्या थराला मऊ करते, दोन्ही एकजीव होतात आणि सुकल्यावर एकच जाड कातडे तयार होते.

मी डबे मागवले. असे ज्वालाग्राही स्प्रे सहसा विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे पार्सल रस्त्याने यायला बारा दिवस लागले आणि ते बारा दिवस मी ते ठिपकेदार ग्रिल घेऊनच हिंडलो. एका ढगाळ सकाळी घराच्या पोर्चमध्ये जुन्या थरावर ओले, भरदार असे चार हात मारले, प्रत्येक हातानंतर अर्धा तास थांबलो आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी अंगठ्याने खालची कड उचलली. ती उचलली गेली, ताणली गेली आणि तुटली नाही. वीतभर पट्टी एका ओढीत हातात आली, तिच्या आतल्या बाजूला ग्रिलच्या जाळीचा ठसा उमटलेला आणि खाली क्रोम, बोअरच्या डागांसकट, जसेच्या तसे. खोल कोपऱ्यांत थोडे राहिले, तिथे पुन्हा दोन हात मारून दुसऱ्या दिवशी तेही काढले. त्या सकाळी मला जे समाधान वाटले ते गाडी घेतली त्या दिवशीही वाटले नव्हते.

नवे काम मी दिवाळीनंतर स्वतः केले. परभणीचा हिवाळा सकाळी चांगलाच झोंबतो; कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेचे किमान तापमान वर्तमानपत्रात येते ते पाहून मी दिवस ठरवला आणि दव उडाल्यावर अकराच्या सुमारास सुरुवात केली, कारण ओलसर हवेत हा थर पांढरट पडतो आणि गार डब्यातून फवाऱ्याऐवजी गुठळ्या उडतात. तत्पूर्वी ग्रिल शाम्पूने धुऊन, सुकवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पॉलिशचा अंश राहिला तर थर धड चिकटत नाही. डबा मिनिटभर चांगला हलवावा, वीतभर अंतरावरून मारावा आणि पहिला हात इतका हलका ठेवावा की खालचे क्रोम निम्मे दिसत राहील. पहिल्याच हातात सगळे झाकण्याचा मोह झाला की ओघळ आलाच. पुढचे हात ओले हवेत. मी पाच दिले.

चिन्हाच्या अगदी कडेला टेप लावत बसण्याची गरज नसते. दोन बोटे जागा सोडून टेप आणि वर्तमानपत्र लावले, चिन्हासह ती मोकळी जागाही रंगवली आणि शेवटचा हात ओला असतानाच टेप काढली. थर सुकल्यावर टेप ओढली तर कड फाटते. पूर्ण सुकल्यावर चिन्हाच्या कडेने लाकडी टूथपिक दाबून फिरवली, तेव्हा भोवतालचे रबर अलगद सुटून आले आणि चिन्ह तेवढे काळे राहिले. ब्लेड वापरू नये, बंपरवर ओरखडा कायमचा राहतो. मागच्या अक्षरांत मला एकदा अपयश आले: एका अक्षराचा बारीक पाय बाहेरच्या रबराबरोबर निघून आला, कारण तिथे टूथपिक नीट फिरवली नव्हती. ते अक्षर पूर्ण सोलून पुन्हा केले.

मास्कचे आधी सांगायला हवे होते. कापडी मास्कने या वाफा अडत नाहीत, रंगारी वापरतात तो, वाफा गाळणाऱ्या डब्या (कार्ट्रिज) बसवलेला मास्क घ्यावा आणि आसपास देवघरातला दिवाही पेटता नसावा. पेट्रोलच्या झाकणाशेजारच्या पट्टीला मी हातच लावला नाही. पंपावर दोन थेंब सांडले तरी तिथला रबर मऊ होईल.

ज्याला हे काम दुकानात द्यायचे असेल त्याने आपले डबे आपणच विकत घेऊन द्यावेत, किती हात देणार ते आधी विचारावे आणि शेवटचा हात होईपर्यंत तिथून हलू नये. उरलेला डबा गाडीत ठेवू नये. त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी ती सहज ओलांडते. माझा उरलेला अर्धा डबा काकांनी मागून नेला आणि एस.टी.च्या काळापासून जपलेल्या त्यांच्या पकडीच्या मुठींवर पाच हात चढवले.